बारा आण्यांची विहीर

सीताफळं पिकायला लागली की वास नंतर येतो, आधी विकणाऱ्यांचा आवाज बदलतो. काल भाव धरून, पाय पसरून बसलेला माणूस आज सकाळी उठून उभा राहतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हळूच म्हणतो, ‘‘घ्या की साहेब, बघा तरी.’’ कारण पेरू थांबतो, डाळिंब थांबतं, सीताफळाला थांबता येत नाही. संध्याकाळी दगडासारखं असलेलं फळ दुसऱ्या दिवशी दुपारी हाताच्या उबेनंही फुटतं. परवा मांजरसुंब्याच्या चौकात सिग्नल नसतानाही माझी गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या, प्रत्येक थराखाली सीताफळाचाच पाला, त्यावर धूळ, धुळीवर मधमाश्या. एकेकाळी मी इथं उभ्या उभ्या तीन फळं खाऊन बिया रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात नेम धरून थुंकत असे. त्यातला विक्रम माझ्या नावावर होता. परवा मी गाडीची काच वर केली.

दोन हंगाम झाले, मी या चौकातून असाच जातो.

आधी माझी ओळख करून देतो. ओळख करून देणं हाच माझा धंदा आहे. मंडप, साऊंड आणि निवेदन, तिन्ही एकाच पावतीवर. लग्न असो, सेवानिवृत्तीचा सत्कार असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, अर्ध्या तालुक्यात माईक माझ्याच हातात असतो. माझं खरं नाव माझ्या बायकोलाही आठवावं लागतं. सगळे मला भोंगा म्हणतात. लहान पोरं भोंगाकाका, वयानं मोठे नुसतं भोंग्या, आणि ज्यांना पावतीत सूट हवी असते ते भोंगाशेठ. दशक्रिया विधीला माणसं हसवून मी मार खाता खाता वाचलो आहे. नवरदेवाचं नाव विसरून पाच मिनिटं ‘आपल्या सर्वांचे लाडके’ यावर निभावून नेलं आहे. मला गप्प बसता येत नाही, हा माझा दोष नाही, हे माझं भांडवल आहे, असं मी अभिमानानं सांगत असे.

तर आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याला एक पत्र्याचं शेड होतं. शेड अजून आहे, पण होतं असंच म्हणावं लागेल. तिथं सीताफळाचा गर काढायचे. आमच्या अण्णांनी, म्हणजे निवृत्त ग्रामसेवकांनी, गावातल्या सव्वाशे घरांना एकत्र करून ती कंपनी उभी केली होती. कागदावर तिचं लांबलचक नाव होतं, गावात सगळे ‘गराची कंपनी’ म्हणत. हंगामात शेडमध्ये पाय ठेवला की आधी थंडी लागायची, मग गोडवा अंगावर यायचा, इतका की घसा खवखवे. लांब स्टीलच्या टेबलांना लागून तीसेक बाया बसलेल्या. डोक्यावर पांढऱ्या जाळीच्या टोप्या. अंगठ्यानं फळ उकलायचं, चमच्याच्या एका फटक्यात गर भांड्यात, साल बादलीत. मशीन गरातून बिया वेगळ्या करायचं आणि त्या काळ्याभोर बिया फरशीवर सांडायच्या. त्यावरून घसरून मी दोनदा आपटलो आहे. दोन्ही वेळा बायांनी काम थांबवून हसून घेतलं. गर उघडा राहिला तर तासाभरात तांबूस पडतो, त्यामुळे लगेच पिशवीत आणि पिशवी लगेच गोठवणीच्या खोलीत. तिथं सगळ्यांना घाई असायची, आणि त्या घाईतच गाणी व्हायची.

या तिसांत कौसावहिनी होती. कौसल्या, माझ्या चुलतभावाची बायको. माहेर शिरूर कासारकडचं. तिच्या माहेरी दसरा झाला की घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. सासरी आली तरी तेच. त्यांची जमीन डोंगराला टेकलेली, तिच्यात नांगर घातला तर दगडाचाच आवाज येतो. सोळा वर्षं तिनं कारखान्याच्या थळात, म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावर, पाचटाच्या खोपीत काढली. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना एकदा पाय निसटला, तेव्हापासून डावा गुडघा वाकत नाही. गराची कंपनी निघाली आणि तिचं जाणं थांबलं. सीताफळ संपलं की पेरू, उन्हाळ्यात आंबा, मधे गराच्या पिशव्यांची निवड-मोजणी. नवरा एकटा जायचा, ती घरी राहायची. धाकटी पोरगी पहिल्यांदा सलग तीन वर्षं एकाच शाळेत गेली. कामावरच्या प्रत्येक बाईच्या नावानं अण्णांनी दहा-दहा शेअर केले होते. तो कागद वहिनीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवला होता. मला एकदा काढून दाखवलाही होता. म्हणाली, ‘‘भावजी, जमीन ह्यांच्या नावाची, घर सासऱ्याच्या नावाचं. ह्यो येकच कागद माझ्या नावाचा हाय.’’ मग बोटानं आपलं नाव शोधून दाखवलं.

आता तो हंगाम.

त्या वर्षी फळ असं लागलं होतं की डोंगर हिरवा नव्हे, पोपटी दिसत होता. आणि त्याच वर्षी शहरातल्या एका आइस्क्रीमच्या कंपनीनं आमच्या कंपनीला कळवलं की तुमचे शेअर आम्हाला विकत घ्यायचे आहेत, ज्यांना विकायचे असतील त्यांनी द्यावेत. भाव चांगला होता. अण्णांनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. पहिली चार पानं मी वाचली. त्यात ‘नियंत्रण’, ‘बहुमत’, ‘संचालक नेमण्याचा अधिकार’ असे शब्द होते. मी जांभई दिली.

‘‘एका कंपनीनं दुसऱ्या कंपनीचे शेअर घ्यायचे म्हंजी नेमकं काय व्हतंय रे?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘काय व्हायचंय अण्णा? आपलं आपल्यापाशी, त्यांचं त्यांच्यापाशी.’’

‘‘मग तूच सांग लोकान्ला. मला माईकपुढं घाम येतो.’’

अण्णांनाही ते समजलं नव्हतं, पण त्यांना आपल्याला समजलं नाही एवढं तरी समजत होतं. मी मात्र समजलं नाही म्हणून कधी बोलायचा थांबलेलो नाही.

सभा शेडपुढच्या अंगणात भरली. मंडप माझा, साऊंड माझा. मी कागद बाजूला ठेवले आणि म्हटलं, मंडळी, इंग्रजी-मराठी सोडा, आपल्या विहिरीचं बोलू. आमच्याकडं विहीर एकट्याची क्वचितच असते. भावाभावांत सोळा आण्यांची वाटणी असते. कुणाचे चार आणे, कुणाचे दोन, आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणं पाण्याची पाळी. आमच्या विहिरीत आमचे दोन आणे आहेत, म्हणून मंगळवारचं पाणी आमचं. आजोबांच्या काळापासून मंगळवार. मधे भावकीतल्या एकानं इतरांचे हिस्से घेत घेत दहा आणे केले, पण आमच्या मंगळवारला हात लावायची त्याची बिशाद झाली नाही.

‘‘तर कंपनी म्हंजी इहीर,’’ मी म्हणालो. ‘‘आणि शेअर म्हंजी आणे. उद्या शहरातला साहेब बारा आणे घिऊन काठावर आला. बूट काढले. पाण्यात पाय घालून बघतो, तर पाणी गार.’’ इथं मी व्यासपीठावर खरोखर बूट काढला आणि पाय आखडून ओय ओय केलं. हशा. ‘‘आला तर आला. पव्हून जाईल. तुमचा मंगळवार तुमचाच.’’

टाळ्या. त्या अजून कानात आहेत, आणि अजून मला त्या गोड वाटतात, हे मला कुणाला सांगता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

टाळ्या थांबल्यावर बायांमधून कौसावहिनी उठली. गुडघ्यामुळं तिला उठायला वेळ लागतो, त्यामुळं सगळे तिच्याकडं बघत होते.

‘‘भावजी, ज्याचे बारा आणे झाले त्यानं इहीरच बुजवायची म्हणली तर?’’

या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. एक क्षण, खरंच एकच क्षण, ते माझ्या लक्षात आलं होतं. पण समोर सव्वाशे घरची माणसं होती, सगळ्यांचे चेहरे हसायला तयार होते, आणि माईक गरम होता.

‘‘वहिनी, इहीर बुजवायला दगड लई लागतात. तेवढे दगड सायबाला कुठं मिळायचे? तुमच्याच रानात यावं लागंल त्याला.’’

अंगण फुटलं. म्हातारे खोकेपर्यंत हसले. वहिनीही हसली, पदर तोंडाला लावून, आणि गुडघा सांभाळत हळूहळू खाली बसली. तिच्या जमिनीत दगडांशिवाय काही नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून तर विनोद झाला.

पुढच्या आठवडाभरात लोकांनी शेअर दिले. कुणी अर्धे, कुणी सगळे. मीही दिले, आणि त्या पैशात दोन कॉर्डलेस माईकची पेटी घेतली, आत लाल मखमल, बाहेर चंदेरी कड्या. वहिनीनं कागद दिला नाही. नवरा म्हणत होता, तरी नाही दिला. माझ्या विनोदावर हसलेली ती एकटीच बाई असावी जिला तो पटला नव्हता.

तो हंगाम मोठा मजेचा गेला. डोंगरावरून गाढवांवर लादून फळं येत होती, शेड दोन पाळ्यांत चालत होतं, दिवाळीला बायांना शहरातून आइस्क्रीमचे डबे आले. कौसावहिनीनं पहिल्यांदा आपण काढलेल्या गराचं आइस्क्रीम खाल्लं आणि म्हणाली, ‘‘लई गार हाय, पर चव आपल्या हातचीच हाय.’’ मी येता-जाता म्हणायचो, ‘‘काय वहिनी, बुजली का इहीर?’’ ती म्हणायची, ‘‘आजून तरी पाणी हाय बाबा.’’

मग पुढच्या श्रावणात वर्षाची सभा आली. कंपनीचे नवे संचालक निवडायचे होते. शहराच्या कंपनीनं आपली तीन माणसं सुचवली होती, आमचे अण्णा त्यात नव्हते. गाव चिडलं. गावकऱ्यांनी ठरवलं, सगळ्यांनी विरोधात हात वर करायचे. थोडेफार शेअर बहुतेकांनी ठेवले होतेच. अण्णांनी ठराव वाचला आणि अंगणात हातांचं रान उभं राहिलं. बांगड्यांचे, घड्याळांचे, गोंदलेले, गराच्या चिकानं काळे पडलेले हात. मी नव्या माईकवर मोजत होतो, निवडणुकीचा निकाल सांगतात तसा एकेक आकडा लांबवत. विरोधात एकशे अकरा. बाजूनं किती? पहिल्या रांगेत निळ्या शर्टातला एक सभ्य माणूस बसला होता, शहराच्या कंपनीनं पाठवलेला. त्यानं एकच हात वर केला. ‘‘एकशे अकराऽऽ विरुद्धऽऽ एक,’’ मी गर्जलो आणि स्पीकरवर ढोल-ताशा लावला.

तो माणूस ढोल थांबेपर्यंत शांत बसला. मग उठून नम्रपणे म्हणाला, ‘‘अध्यक्ष महोदय, हात नकोत. शेअरप्रमाणे मतं मोजावीत, अशी आमची विनंती आहे. नियमात तशी तरतूद आहे.’’

चहा येईपर्यंत मोजणी संपली. एकशे अकरा हातांचे मिळून चार आणे. त्या एका हाताचे बारा.

माझ्या हातातला माईक चालूच होता, त्यातून नुसता माझा श्वास ऐकू येत होता. मी तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी मांजरसुंब्याला जमीलभाईकडं गेलो. जमीलभाई फळांचे व्यापारी, चौकात त्यांचा मोठा ढीग असतो, आमच्या कंपनीतही त्यांचे थोडे शेअर. ते फळं निवडत होते, बोटानं दाबून कच्ची एका बाजूला, पिकली दुसऱ्या बाजूला.

‘‘जमीलभाई, हे असं कसं झालं?’’

‘‘कैसा क्या? आसंच आसतंय. इहिरीत पाळी आसती. कंपनीत पाळी न्हाई, मत आसतंय. निम्म्याच्या वर गेला की मालिक तो. कारभारी त्याचे, कुलूप त्याचं.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘बीडात भावासंगं फळं पिकवायची कंपनी हुती माझी. तिथं शिकलो. महाग शाळा हुती.’’

‘‘मग त्या दिवशी सभेत बोलला का नाही?’’

त्यांनी फळावरचं बोट काढलं. ‘‘हात वर केलता मी. दोनदा. तू माईकवर म्हणला, जमीलभाई, दम धरा, चहा यायलाय. लोक हसले. मी बी हसलो. भोंग्या, माईक तर तुज्याच हातात हुता बे.’’

मला ते आठवतही नव्हतं. आजही आठवत नाही. इतरांची थट्टा करणाऱ्या माणसाला आपली वाक्यं आठवत नाहीत, ती ऐकणाऱ्यांनाच सांभाळावी लागतात.

शहरवाल्यांनी फसवलं असं म्हणायची मला फार इच्छा झाली. म्हणूनही बघितलं, दोन-तीन ठिकाणी, आवाज चढवून. पण ते खरं नव्हतं. त्यांनी जे केलं ते सगळं त्या चार पानांत लिहिलेलं होतं. नव्या संचालकांनी ठरवलं की मशीन शहराजवळच्या त्यांच्या मोठ्या कारखान्यात न्यायचं आणि आमच्याकडून नुसतं फळ घ्यायचं. फळाला भावही बरा देतात. बागवाल्यांचं काही बिघडलं नाही. माझं तर काहीच बिघडलं नाही, पेटीतल्या माईकचा आवाज फार छान आहे. बिघडलं ते तीस बायांचं. मशीन ट्रकवर चढवलं त्या दिवशी त्या शेडच्या दारात उभ्या होत्या. कुणी रडलं नाही. एकीनं आत जाऊन फरशी झाडून काढली. सवयीनं. कोपऱ्यातल्या बियांचा ढीग तेवढा राहिला, अजूनही आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर गावात आला. ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, शेळी, कोंबड्यांची डालगी. कौसावहिनी नवऱ्याबरोबर निघाली होती. पोरगीही बरोबर होती, शाळेच्याच गणवेशात, कारण दुसरा चांगला कपडा तोच. मी सकाळपासून तीन वेळा त्या बाजूला जाऊन परत आलो होतो. शेवटी वहिनीनंच हाक मारली.

‘‘भावजी, हिकडं या. ह्यो कागद तुमच्याकडं ठिवा. सहा म्हैने घर बंद, उंदरं खात्याल.’’

प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो कागद तिनं माझ्या हातात दिला. मग म्हणाली, ‘‘माझा मंगळवार हाय त्यात.’’

ती चिडलेली नव्हती. टोमणा होता की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला कळेना. माझ्या तोंडाशी चार विनोद आले. ते नेहमी येतात, मला बोलवावे लागत नाहीत. मी ते गिळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हात न हलवता, आवाज न बदलता बोललो.

म्हणालो, ‘‘वहिनी, तुमचा कागद खरा आहे, पण त्यात मंगळवार नाही. विहिरीतली पाळी कुणाला घेता येत नाही. कंपनीत शेअर म्हणजे मत. निम्म्याहून जास्त मतं एकाकडं गेली की कारभारी तो नेमतो. मशीन कुठं ठेवायचं, काम कुणाला द्यायचं, हे ते कारभारी ठरवतात. नफा वाटला तर तुमचा वाटा तुम्हाला मिळेल. पण शेडचं कुलूप काढा असं या कागदावरून म्हणता येत नाही. तुम्ही विचारलं ते बरोबर होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी तुमच्या रानाची चेष्टा केली.’’

तिनं सगळं ऐकून घेतलं. शेळीचा दोर ट्रॉलीच्या कडीला बांधता बांधता म्हणाली, ‘‘म्हंजी बारा आणेवाल्याला इहीर बुजवता येती.’’

‘‘येते.’’

‘‘मंग तवा येवढंच म्हणायचं हुतं की, भावजी.’’

एवढं सांगायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती. सभेत मी पाऊण तास बोललो होतो.

नवऱ्यानं तिला ट्रॉलीत चढायला हात दिला. उजवा पाय आधी, मग फळीला धरून न वाकणारा डावा. मी पुढं झालो, पण तोवर ती चढली होती. पोरगी वरून मला हात हलवत ओरडली, ‘‘भोंगाकाका, कायतरी म्हणा की माईकवर.’’ वहिनीनं तिला खाली बसवलं.

त्यांची खोप साखर कारखान्याच्या आवारात उभी राहिली असेल, रात्रीची थंडी असेल, उसाच्या पात्यांनी तिचे हात पुन्हा चिरले असतील, हे सगळं मी त्या हिवाळ्यात चार सत्कार आणि अकरा लग्नं करता करता अधूनमधून आठवत होतो. तेवढंच. आठवण्यापलीकडं मी काही केलं असं सांगायचा मोह होतो, पण केलं नाही. अण्णांबरोबर एकदा शहरात जाऊन निळ्या शर्टातल्या माणसाला भेटलो. त्यानं चहा पाजला, ऐकून घेतलं आणि शेड आता कोणत्याच कामाचं नाही, हे आकडे दाखवून सांगितलं. आकडे बरोबर होते.

चैत्रात वहिनी परत आली. काळवंडली होती, चालताना काठी घेत होती. मी दुसऱ्याच दिवशी तो कागद घेऊन गेलो. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. कागदाकडं बघून म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. दसऱ्याला परत द्यायचाच हाय.’’

आता डोंगर पुन्हा पोपटी झाला आहे. चौकात आवाज बदलले आहेत. दसऱ्याला आठ दिवस आहेत. आज संध्याकाळी तालुक्याला एका साहेबांचा सत्कार आहे, त्याची तयारी म्हणून मघाशी माईकची पेटी उघडली. तो कागद मी तिथंच ठेवतो, मखमलीवर, सगळ्यात वर. त्यामुळं दर वेळी आधी तो बाजूला काढून ठेवावा लागतो, आणि मगच माईक हाताला लागतो.